शिबिर अकरा वाजता सुटतं, पुढं काय?

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात पाच ते पंधरा वयाचं लेकरू आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती. गावचे नवे नगरसेवक माझ्या यादीत आहेत, त्यांनीही वाचावी. आणि आधीच सांगतो, यात पहिली चूक माझी स्वतःची आहे. दुसऱ्यांची नंतर.

परवापासून व्हॉट्सअॅपवर उन्हाळी शिबिरांची पत्रकं फिरायला लागली. व्यक्तिमत्त्व विकास शिबिर, संस्कार शिबिर, अॅबॅकस, सुंदर हस्ताक्षर, वैदिक गणित, नृत्य, कराटे, एक दिवस घोडेस्वारी. फीमध्ये टी-शर्ट, प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो समाविष्ट. वेळ सकाळी आठ ते अकरा. आणि मला आयोजकांचे फोनही सुरू झाले, "सर, तेवढी बातमी लावा की." दरवर्षीचंच आहे. मी बातमी लावतो. उद्घाटनाची एक, समारोपाची एक. फोटोत गावातले मान्यवर दीपप्रज्वलन करताना.

यंदा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "बघतो." समोरच्याला आश्चर्य वाटलं. का 'बघतो' म्हणालो, ते सांगायलाच ही पोस्ट.

२०२४ च्या मे महिन्याची गोष्ट आहे. लोकसभेची धामधूम होती. आमच्याकडे, सोलापूर-धाराशिव पट्ट्यात, ७ मेला मतदान झालं. मार्चपासून मी घरात फक्त झोपायला होतो. बायको पतसंस्थेत, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा. आई सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी बेजार. लेक बारा वर्षांची, मुलगा नऊ वर्षांचा. शाळेला सुट्टी लागली आणि पहिल्याच दिवशी बायकोनं विचारलं, "अहो, आता दीड महिना ही दोघं काय करणार?"

हा प्रश्न आमच्या लहानपणी कुणी कुणाला विचारत नव्हतं. निकाल लागला की दुसऱ्या दिवशी एसटीनं मामाच्या गावाला. तिथं आजी, दोन माम्या, एक मावशी, आणि गल्लीभर म्हातारी माणसं. आमच्यावर लक्ष कोण ठेवतंय हे आम्हाला कधी कळलंच नाही, कारण सगळेच ठेवत होते. आता माझे दोन्ही मेहुणे पुण्यात कंपनीत आहेत. माझ्या मुलांच्या मामाच्या गावाला मामा नाही. घराला कुलूप आहे, दिवाळीला उघडतं. मुलं मामाकडं जातात ती हडपसरला, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, चार दिवस. पाचव्या दिवशी मामीची ड्युटी असते.

तर बायको म्हणाली, शिबिराला घालू. फी एका मुलाची २,८०० रुपये, दोघांची ५,६००. तालुका प्रतिनिधीला पेपरकडून काय मानधन मिळतं हे या यादीतल्या पत्रकार मित्रांना वेगळं सांगायला नको. मी आयोजकांना फोन केला. ते लगेच म्हणाले, "सर, तुमच्याकडून कसली फी? पाठवून द्या पोरांना." मी पाठवून दिलं. आणि चार कॉलम बातमी लावली, रंगीत फोटोसह.

कुणी लाच दिली नाही, कुणी मागितली नाही. गावात असंच चालतं. पण जे झालं त्याला नाव एकच आहे आणि ते मला माहीत आहे.

आमच्या गल्लीत एक बाई चार घरी भाकरी-पोळ्या करतात. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. त्यांचा मुलगा माझ्या मुलापेक्षा दोन वर्षांनी मोठा, पण दोघांची जोडी. माझ्या मुलाचा टी-शर्ट बघून त्यानं घरी विचारलं असणार. अक्का एक दिवस दारात थांबून मला म्हणाल्या, "दादा, ते शिबिर का काय, त्याला किती पडतंय हो? माझ्या पोराचं बी बघा की. दिवसभर उन्हातान्हात हिंडतंय." मी म्हटलं, "बघू अक्का, बोलतो." मी बोललो नाही. आपल्या दोघांची फी माफ करून घेतली, आता तिसऱ्याचं कुठल्या तोंडानं सांगायचं, असं वाटलं. मग विसरून गेलो.

मतदानानंतरच्या आठवड्यात मी तहसीलला बसलो होतो. दुपारी दीडच्या सुमारास फोन आला. गावाबाहेर दोन किलोमीटरवर डाळिंबाची बाग आहे, तिथला सालगडी. बातमी असली की लोक फोन करतात, तसाच त्यानं केला. "सायेब, बातमी हाय. पोरं बुडता बुडता वाचली शेततळ्यात. दोघं व्हती. मोटार चालू कराया आलो म्हणून दिसली, न्हाईतर संपलं व्हतं." मी वही काढली. कुठलं शेततळं, कुणाचं, पोरं कुठली, विचारत गेलो. तो म्हणाला, "नावं न्हाईत सांगितली, पळाली सायकली घिऊन. येकाच्या अंगात त्यो शिबिराचा टी-शर्ट व्हता बगा, पिवळा."

पिवळा टी-शर्ट गावात साठ-सत्तर पोरांकडं होता. पण मी घरी गेलो. मुलगा कोरडे कपडे घालून भिंतीकडं तोंड करून झोपला होता. आई म्हणाली, "आल्यापासनं जेवला नाही." टी-शर्ट मोरीत बादलीमागं कोंबलेला सापडला, गाळानं भरलेला.

त्यानं रडत रडत सगळं सांगितलं. शिबिर अकराला सुटलं. घरी आला, जेवला. आज्जी आडवी झाली. बहीण मैत्रिणीकडं. चौघांनी सायकली काढल्या. शेततळ्याच्या कडेला बसून पाय भिजवायचे एवढंच ठरलं होतं. अक्काचा मुलगा पाय भिजवायला गेला आणि घसरला. माझ्या मुलानं त्याला हात दिला आणि तोही गेला. बाकीचे दोघं ओरडत राहिले. सालगड्यानं बांधावर पडलेलं ठिबकच्या नळीचं वेटोळं उचललं, एक टोक स्वतःच्या कमरेला गुंडाळलं आणि दुसरं पाण्यात फेकलं. दोघांनी ते धरलं. एवढंच. मोटार चालू करायला तो दहा मिनिटं उशिरा आला असता तर ही पोस्ट मी लिहीत नसतो.

ती बातमी मी लावली नाही.

स्वतःला कारण सांगितलं की मुलांची नावं नकोत, घरच्यांना त्रास नको. खरं कारण वेगळं होतं. पोरगं शिबिराच्या टी-शर्टात होतं, शिबिराची बातमी माझी होती, आणि पोरगं माझं होतं. फी न भरता गेलेलं. सालगड्याचं नाव पेपरात यायला पाहिजे होतं, तेही आलं नाही. त्यानं दोन दिवसांनी विचारलं, "सायेब, आली न्हाई बातमी?" मी म्हटलं, "निवडणुकीमुळं जागा नव्हती."

पत्रकारितेचा डिप्लोमा करताना आमच्या सरांनी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिलं होतं: कोण, काय, कधी, कुठे, का, कसे. त्या रात्री मी माझ्या कात्रणांची फाईल काढली. वीस वर्षांतल्या एप्रिल-मेच्या बातम्या चाळल्या. 'विहिरीत बुडून बालकाचा मृत्यू.' 'शेततळ्यात बुडून दोन सख्ख्या भावांचा अंत.' सगळ्या सहा-सात ओळींच्या. कोण आहे, काय आहे, कधी, कुठे, कसे आहे. अमुक पोलीस ठाण्यात आकस्मिक मृत्यूची नोंद, अधिक तपास हवालदार अमुक करत आहेत. 'का' एकाही बातमीत नाही. फार तर 'पाण्याचा अंदाज न आल्याने'. हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय की ते बोटांनाच पाठ झालंय.

देशाचा आकडा सांगतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात अडतीस हजारांहून जास्त माणसं बुडून मेली. यात सगळ्या वयाचे आले. जगभरच हा प्रश्न एवढा मोठा आहे की संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये ठराव करून २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा दिवस ठरवला. आपल्याकडं जुलैपर्यंत शाळा सुरू झालेल्या असतात. आपला महिना मे.

मग 'का'चं उत्तर काय? मला जे दिसतं ते सांगतो.

आम्हाला पोहायला चुलत्यानं शिकवलं. पाठीला तेलाचा रिकामा डबा, कमरेला कासरा, आणि वरून ढकलून द्यायचं. 'श्यामची आई' सगळ्यांनी वाचलंय. त्यातली आई घाबरणाऱ्या श्यामला मारून विहिरीवर पोहायला पाठवते. तेव्हा पोहणं हा छंद नव्हता, ते घरानं शिकवायचंच असायचं. जुन्या विहिरीला पायऱ्या होत्या, कडेला कपारी होत्या, धरायला दगड होता. मग बोअर आले, विहिरी आटल्या. ज्या राहिल्या त्यात पावसाळा सोडला तर पाणी नाही. आमच्या नदीत पोहण्याइतकं पाणी मी शेवटचं कधी बघितलं ते आठवावं लागतं. एक अख्खी पिढी पोहायला न शिकता मोठी झाली. आता तीच आई-बाप आहे, शिकवणार कोण?

आणि त्याच काळात शेततळी आली. २०१६ मध्ये सरकारनं 'मागेल त्याला शेततळे' योजना आणली, त्याच्या आधीपासून सामूहिक शेततळी होतीच. शेतकऱ्याला दोष नाही. डाळिंब, द्राक्षं त्याच्याशिवाय जगत नाहीत. आमच्याकडं चार गुंठे पाणी दिसलं तर ते शेततळंच असतं. पण त्यात कागद असतो, म्हणजे जाड प्लॅस्टिक. त्यावर शेवाळ धरतं. उतार सगळ्या बाजूंनी सारखा. आत घसरलेल्या माणसाला धरायला काही नाही. चांगला पोहणारा गडीसुद्धा त्या कागदावरून वर चढू शकत नाही. सगळ्या गावाचं पाणी आटलेलं असताना, ४३ डिग्रीत, पोराला निळंशार पाणी दिसतं ते इथं. पोरं तिथं जाणार नाहीत तर कुठं जातील?

तिसरं, घरात कुणी नाही. दोघं कामाला गेल्याशिवाय चूल पेटत नाही. ज्यांना परवडतं ते शिबिराला घालतात, सकाळचे तीन तास. ज्यांना परवडत नाही त्यांची पोरं सकाळपासूनच मोकळी. आणि अकरा वाजले की दोन्ही पोरं एकाच झाडाखाली भेटतात. माझ्या मुलाची आणि अक्काच्या मुलाची सुट्टी तशीच भेटली.

शिबिरवाल्यांवर माझा राग नाही. ते शाळेत तासिका तत्त्वावर शिकवणारे तरुण आहेत, मे महिन्यात त्यांना पगार नसतो. त्यांनी फी घेतली तर काय चुकलं? माझं म्हणणं गावाबद्दल आहे. सुट्टीत मुलं कुठं आहेत हे बघायचं काम आपण पूर्ण त्या-त्या घरावर टाकलंय. आणि घरात ते करायला माणूस उरलेला नाही.

बरं, जागा नाहीत असंही नाही. मी गावात फिरून बघितलं. नगरपरिषदेच्या शाळा, मे महिनाभर कुलूप. सार्वजनिक वाचनालय, शासनमान्य, अनुदान घेणारं, बालविभागाचं कपाट आहे, ते बंद. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली राज्यात अशी हजारो ग्रंथालयं आहेत, त्यातलंच एक. सभागृह, लग्नाच्या तारखा सोडून रिकामं. आणि जलतरण तलाव! बांधला, उद्घाटन झालं (बातमी माझीच), दोन उन्हाळे चालला, मग फिल्टर बिघडला. आज त्यात बाभळीचं झाड आहे. पाणी नाही म्हणून बंद आहे असं म्हणतात. त्याच तलावाच्या भिंतीला लागून टँकर भरायचा पॉइंट आहे.

२०२५ मध्ये आम्ही पाच जणांनी एक प्रयोग केला. ग्रंथपाल, निवृत्त झालेल्या एक शिक्षिका (त्यांना सगळं गाव बाई म्हणतं), खेळाचे एक शिक्षक, माझी बायको शनिवारी अर्धा दिवस, आणि मी. आधी शाळेची जागा मागितली. मुख्याध्यापक म्हणाले, "वरून पत्र आणा." मला राग आला होता, पण नंतर पटलं. उद्या पोराला काही झालं तर त्या माणसाला कोण वाचवणार? वरचं पत्र आलं नाही. त्यावेळी नगरपरिषदेवर प्रशासक होते, कुणाला विचारायचं हेच कळेना. शेवटी ग्रंथपालांनी वाचनालयाचा वरचा हॉल दिला.

५ मे ते २४ मे, रविवार सोडून, सकाळी साडेआठ ते दुपारी एक. फी जमेल त्याला शंभर रुपये, न जमेल त्याला काही नाही. ३४ मुलं आली. एक दिवस पावसानं बुडाला, त्या मेमध्ये पाऊस कसा होता ते तुम्हाला आठवतच असेल, मान्सून महिना संपायच्या आत दारात. राहिले १७ दिवस.

काय केलं? विशेष काही नाही. पहिला तास वाचन, ज्याला जे आवडेल ते. ज्याला वाचता येत नाही त्याला दुसऱ्यानं वाचून दाखवायचं. पाचवीतली चार मुलं अशी निघाली की त्यांना जोडाक्षर आलं की थांबायची. बाईंनी त्यांना वेगळं बसवलं नाही, गोष्टी ऐकणाऱ्या पहिलीतल्या पोरांना वाचून दाखवायचं काम त्यांनाच दिलं. मग कॅरम, बुद्धिबळ, दोरीवरच्या उड्या. मग स्वयंपाक. दुपारी साडेबाराला जेवण. ते अक्कांनी केलं, मानधन घेऊन. एक दिवस खिचडी, एक दिवस मटकीची उसळ-भाकरी, शनिवारी शिरा.

जेवणाचं मुद्दाम सांगतो. सुट्टी लागली की शाळेतला पोषण आहार बंद होतो. ज्या घरातली आई सकाळी सातला खुरपायला जाते, त्या घरातलं पोर दुपारी काय खातं? दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही मुलांना शाळेतला आहार द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये सांगितलं आणि २०१६ मध्ये पुन्हा सांगितलं. मुलाची भूक सुट्टीवर जात नाही हे न्यायालयाला दोनदा सांगावं लागलं. आमच्या हॉलमध्ये तिसऱ्या दिवसापासून मुलं जेवणाच्या वेळेला भाऊ-बहीण घेऊन यायला लागली.

अडचणीही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल फक्त कौतुक चाललंय.

एक पालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "स्वयंपाक कोण करतंय?" मी नाव सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांची दोन्ही मुलं आली नाहीत. कारण त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही, आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मोठ्या मुली फार कमी आल्या. माझी लेक घरोघर जाऊन आली तेव्हा कळलं, सहावी-सातवीच्या मुली घरी धाकट्यांना सांभाळतात. शिबिराला येऊ का विचारायची सोयच नाही. मग लेकीनंच सुचवलं, धाकट्यांना घेऊन या. हॉलच्या कोपऱ्यात सतरंजी टाकली, खेळणी ठेवली, मुली आळीपाळीनं तिथं बसायच्या. अशा पाच मुली आल्या. मी इतकी वर्षं शिबिरांच्या बातम्या लावतोय, घरी राहिलेल्या मुली माझ्या एकाही बातमीत नव्हत्या.

आणि सगळ्यात मोठी अडचण, पोहणं शिकवता आलं नाही. तलाव बंद. खेळाचे शिक्षक शिकवायला तयार होते, पाणी नव्हतं. मग त्यांनी दुसरी कल्पना काढली. मुलांना घेऊन दोरांना गाठी मारल्या, प्रत्येक हातावर एक गाठ. जुन्या टायरी मागून आणल्या. रिकाम्या पाण्याच्या कॅनांना झाकणं घट्ट बसवून दोर बांधले. शेतमालकांशी बोलून सात शेततळ्यांना हे साहित्य लावलं. कडेला लोखंडी खुंट, खुंटाला गाठीचा दोर, तो उतारावरून पाण्यापर्यंत, टोकाला टायर. एखादा आत घसरलाच तर धरून वर यायला. मुलांना एकच गोष्ट शंभर वेळा घोकून घेतली: बुडणाऱ्याला हात द्यायचा नाही, दोर फेकायचा, काठी द्यायची, कॅन फेकायचा, ओढणी फेकायची आणि मोठ्यानं ओरडायचं. हात दिला की दुसराही जातो. माझ्या मुलानं ते घोकताना माझ्याकडं बघितलं नाही.

सातातलं पहिलं शेततळं कुणाचं ते सांगायला नको. त्या सालगड्यानंच खुंट ठोकला. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या सायेब, पोरं हायेत न्हवं." त्या दिवशी मी पेपरला त्याच्या नावासह बातमी पाठवली. एक वर्ष उशिरा. आतल्या पानात आली, लहान आली. त्यानं ती खोलीत डकवली आहे.

हिशेब देतो, कारण सार्वजनिक कामाचा हिशेब सार्वजनिकच असावा. धान्य, भाजी, गॅस १०,९०० रुपये. अक्कांचं मानधन ५,०००. दोर, खुंट, टायरी ने-आण ३,२००. कागद, रंग, खेळाचं साहित्य १,९००. एकूण २१,०००. वर्गणी आणि फीमधून १८,४०० जमले, बाकीचे आम्ही पाच जणांनी भरले. एका मुलाचा एका दिवसाचा खर्च ३६ रुपये पडला, जेवणासकट. आम्ही कुणी मानधन घेतलं नाही आणि हॉलचं भाडं नव्हतं, म्हणून एवढ्यात भागलं, हेही सांगितलं पाहिजे. दरवर्षी फुकट राबणारी माणसं मिळणार नाहीत. बाईंचं वय झालंय. ग्रंथपालांना पगार किती आणि कधी होतो, ते तेच जाणोत.

म्हणून हे पाच जणांच्या हौसेवर सोडू नये. चारेक वर्षं प्रशासकांचा कारभार होता, तेव्हा विचारायला माणूस नव्हता. आता आहे. गेल्या डिसेंबरात निवडणूक झाली. जाहीरनामे मी जपून ठेवलेत. बहुतेकांत मुलांसाठी काही ना काही आहे, बालोद्यान, क्रीडांगण, अभ्यासिका. चांगलंच आहे. पण बालोद्यान होईल तेव्हा होईल, सुट्टी पंधरा दिवसांवर आलीय. म्हणून आत्ता होण्यासारखं चारच मागतो.

एक. नगरपरिषदेच्या निदान दोन शाळा मे महिन्यात सकाळी आठ ते दुपारी दोन उघड्या ठेवा. व्हरांडा, पंखा, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह आणि एक जबाबदार माणूस. मुख्याध्यापकांना तोंडी नको, लेखी पत्र द्या. दुपारचं जेवण द्या. महिला व बालकल्याणासाठी पाच टक्के निधी राखून ठेवायचा असतो, तो कशावर खर्च होतो हे एकदा सभेत वाचून दाखवा. शिलाई मशीन वाटपाचे फोटो मीच काढलेत, त्यामुळं थोडंफार मलाही माहीत आहे.

दोन. वाचनालयाचा बालविभाग सुट्टीत रोज उघडा. एक अर्धवेळ माणूस लागेल, दोन महिन्यांसाठी.

तीन. जलतरण तलाव. यंदा जमणार नाही हे मला कळतं. पण दुरुस्तीचं अंदाजपत्रक याच महिन्यात करा, म्हणजे पुढच्या एप्रिलला पाणी दिसेल. मुलींसाठी वेगळी वेळ आणि शिकवायला बाई ठेवा, नाहीतर मुली येणारच नाहीत.

चार. हे शेतकरी बांधवांना आहे. शेततळ्याला कुंपण करा, आणि कुंपण महाग पडत असेल तर निदान चारही बाजूंना गाठीचा दोर आणि टायर बांधा. एका बाजूचा खर्च एका पोत्या खताइतकाही नाही. दोर उन्हानं कुजतो, दरवर्षी बदला. आम्ही मागच्या वर्षी लावलेल्या सातपैकी दोन दोर कुजलेत, ते या आठवड्यात बदलतोय.

आणि पाचवं, माझ्याकडून. यापुढं बुडाल्याची बातमी लिहायची वेळ आलीच, तर 'पाण्याचा अंदाज न आल्याने' असं लिहून मोकळा होणार नाही. शेततळ्याला दोर होता का, गावात पोहायला शिकायची सोय होती का, त्या वेळी शाळा उघडी होती का, हे लिहीन. शिबिरांच्या बातम्याही लावीन. पण माझ्या मुलांची फी भरून. २०२४ ची ५,६०० रुपये फी मी या महिन्यात दोन हप्त्यांत दिली. आयोजक घेत नव्हते. मी पावती घेतली.

अक्कांना मी सगळं सांगितलं का? हो, गेल्या वर्षी, शिबिराच्या शेवटच्या दिवशी, भांडी घासून झाल्यावर. शेततळ्याचं त्यांना आधीच माहीत होतं. पोरानं त्याच रात्री सांगितलं होतं. मला ऐकून धक्का बसला. वर्षभर त्या आमच्या घरी पोळ्या करत होत्या, एका शब्दानं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "दादा, तुमच्या पोरानं माझ्या पोराला हात दिला म्हणून त्यो पडला. मी काय बोलणार?" मग थोडं थांबून म्हणाल्या, "पण तवा तुम्ही 'बोलतो' म्हणाला होता."

त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजून नाही.

येत्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये बसू. यंदाच्या मेचं ठरवायचं आहे. भाषण नाही, हार नाही, फोटो नाही. कुणाला रोज एक तास देता येईल, कुणाला तांदूळ देता येतील, कुणाकडं जुने टायर असतील, एवढंच सांगायला या. नगरसेवकांपैकी जे येतील त्यांना खुर्ची सगळ्यांबरोबरच मिळेल. मुलांना घेऊन आलात तरी चालेल, कोपऱ्यात सतरंजी टाकलेली असेल.